दुपारचे जेवण बाहेर घेताना : स्वस्त, ताजे आणि मानाचे

घरचा डबा सर्वांत चांगला, याबद्दल वाद नाही. पण रोज डबा जमतोच असे नाही. पहाटेची गाडी धरून उंबरगावच्या कंपनीत जाणारे आपले तरुण, डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या भगिनी, घोलवड-बोर्डीच्या चिकूवाडीत रोजाने जाणारे मजूर यांची दुपार घराबाहेरच जाते. तलासरीहून डहाणूच्या न्यायालयात तारखेला आलेला माणूस, दाखल्यासाठी प्रांत कार्यालयात बसलेला विद्यार्थी, कुटीर रुग्णालयात आजीला घेऊन आलेली सून यांचीही तीच गत. मग सकाळी चहा-बटर, अकराला वडापाव, दोनला पुन्हा चहा आणि रात्री घरी गेल्यावर एकदम ताटभर भात असा दिवस निघतो.

‘तेवढेच पैसे वाचले’ असे आपण म्हणतो. पण तो हिशेब पुरा नाही. या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण तीन गोष्टी पाहू. दुपारचे जेवण टाळल्याने शरीराचे काय होते, डहाणू-तलासरीच्या नाक्यांवर स्वस्त आणि चांगले जेवण कसे ओळखायचे, आणि तिथे बसून जेवणे हा आपला हक्क कसा आहे.

आधी पोट, मग उपदेश

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट आहे. तथागत आळवीला आले त्या दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधण्यात त्याची दुपार गेली आणि तो उपाशीपोटी, दमून सभेला पोहोचला. तथागत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवायला वाढायला सांगितले. तो जेवून शांत झाला, तेव्हा देशना सुरू केली. भुकेल्या माणसाला काही सांगून उपयोग नाही, हे तथागतांनी कृतीने दाखवले.

दुसरी गोष्ट कोसलाचा राजा प्रसेनजित याची. तो एवढा जेवत असे की बसल्या जागी धापा टाके. तथागतांनी त्याला मापाने जेवायला सांगितले, आणि हळूहळू जेवण कमी करून राजा हलका झाला. उपाशी राहू नये आणि अति खाऊ नये, या दोन्ही गोष्टी आपल्याला या कथांतून मिळतात. दिवसभर उपाशी राहून रात्री पोट फुटेस्तोवर जेवणे यात दोन्ही चुका एकदम होतात.

जेवण टाळले तर काय होते?

सर्वांत मोठा धोका मधुमेहाच्या रुग्णांना आहे. इन्सुलिन घेणारे आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे रुग्ण सकाळी औषध घेऊन बाहेर पडतात. औषध आपले काम करत राहते, पण पोटात अन्न नसते. मग साखर ७० च्या खाली उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ओपीडीच्या रांगेत असे कोसळलेले रुग्ण मी नोकरीत अनेकदा पाहिले. आजूबाजूचे लोक म्हणतात ‘दारू प्यायला असेल’. प्रत्यक्षात तो सकाळपासून उपाशी असतो.

अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्या. बरे वाटल्यावर जेवायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने खिशात साखरेची पुडी ठेवावी. आणि बाहेर जायच्या दिवशी दुपारच्या जेवणाची सोय आधी ठरवावी, मगच निघावे.

दुसरा प्रश्न रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. वडापाव, बटर, बिस्किटे, चहा यांवर दिवस काढल्याने लोह मिळत नाही. उलट जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोहसुद्धा शरीरात नीट शोषले जात नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा. आपल्या अनेक भगिनी बाहेर गेल्यावर पाणीच पीत नाहीत, कारण शौचालय कुठे शोधणार? यामुळे लघवीची जळजळ आणि जंतुसंसर्ग होतो. सिकलसेलच्या रुग्णाला तर पाणी कमी पडले की अंगदुखीचा झटका येऊ शकतो. आपल्या भागात आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेल आहेच, आणि राज्यात बौद्ध समाजातही त्याचे रुग्ण आहेत. त्यामुळे जेवायची जागा निवडताना पिण्याचे पाणी आणि जवळपास शौचालय आहे का, हेही पाहायचे.

पैशांचा हिशेब

समजा, दिवसभरात २० रुपयांचे दोन वडापाव, १० रुपयांचे तीन चहा आणि २० रुपयांची एक थंड बाटली झाली. हे ९० रुपये झाले. त्यात गुटख्याच्या पुड्या असतील तर आकडा शंभराच्या पुढे गेला. या पैशांत पोटात काय गेले? बटाटा, मैदा, तेल आणि साखर. डाळ नाही, भाजी नाही, अंडे नाही, मासळी नाही. जवळपास तेवढ्याच पैशांत साध्या खानावळीत राइस प्लेट मिळू शकते. ती दोनदा चहा मागवण्याइतकी चटकन मिळत नाही, शोधावी लागते, एवढाच फरक.

कुठे शोधावे?

पहिला नियम, रस्त्याच्या तोंडावरचे हॉटेल महाग असते. डहाणू रोड स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या जे दिसते, किंवा चारोटी नाक्यावर गाड्या थांबतात तिथे जे आहे, ते वाटसरूसाठी असते. वाटसरू पुन्हा यायचा नसतो. थोडे आत, गल्लीत चला. जिथे रोजची गिऱ्हाइके आहेत तिथे मालकाला चव आणि दर दोन्ही सांभाळावे लागतात.

दुसरा नियम, कोण जेवतो ते पाहा. रिक्षावाले, एसटीचे चालक-वाहक, बँकेतले शिपाई, कोर्टातले कारकून, हमाल यांना रोज जेवायचे असते आणि खिसाही बेताचा असतो. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान ते ज्या दारात शिरतात, तिथे शिरा. रिक्षात बसल्यावर ‘चांगले हॉटेल कुठे?’ असे विचारू नका, तो मोठे हॉटेल दाखवील. ‘दादा, तुम्ही कुठे जेवता?’ असे विचारा.

आता जागेचे प्रकार पाहू.

*घरगुती खानावळ आणि पोळी-भाजी केंद्र.* घराच्या ओटीवर किंवा छोट्या गाळ्यात दोन-तीन बाया मिळून चालवतात. पाटी लहान असते, कधी नसतेच. दोन भाज्या, वरण, भात, चपाती किंवा भाकर. जे शिजवले ते त्याच दिवशी संपते. एकट्या बाईला बसायला इथे सर्वांत बरे. रोजचे काम त्याच गावात असेल तर महिन्याचे खाते लावा, दर कमी पडतो.

*कॅन्टीन.* सरकारी कार्यालयाच्या किंवा एसटी स्थानकाच्या आवारातले. चालवणारा बदलतो तशी चव बदलते, पण दर बहुधा बेताचा असतो. वेळ मात्र सांभाळा. दोननंतर गेलात तर उरलेलेच मिळेल.

*मासळीची खानावळ.* आपल्या किनाऱ्याचे हे भाग्य आहे. सुरमई-पापलेटच्या थाळीकडे पाहायचे कारण नाही. बोंबील, मांदेली, जवळा, बांगडा यांचे कालवण आणि भात मागा. मांदेली काट्यासकट खाल्ली तर हाडांना कॅल्शियम मिळते. सुके बोंबील आणि सुका जवळा यांत प्रथिने भरपूर असतात, पण मीठही भरपूर असते. बीपी असणाऱ्यांनी सुकी मासळी बेतानेच खावी.

*महामार्गावरचा ढाबा.* चारोटीपासून तलासरी, आच्छाडपर्यंत महामार्गावर रांगच आहे. इथल्या भाजीत तेल, बटर आणि मीठ जास्त असते. ट्रकवाल्याला ते चालते, आपल्याला रोज नको. थांबावेच लागले तर पनीरच्या नादी न लागता दाल फ्राय आणि तंदुरी रोटी बटर न लावता मागा. सोबत कांद्याऐवजी लिंबू मागा, त्याचे कारण पुढे येईल. एक दाल फ्राय दोघांत पुरते.

*सीमेपलीकडचे भोजनालय.* उंबरगाव, भिलाड, संजाण भागात कामाला जाणाऱ्यांना गुजराती किंवा काठियावाडी थाळी मिळते. बाजरीचा रोटला, वांग्याचे भरीत, कढी हे उत्तम जेवण आहे. पण गुजराती डाळीत आणि भाजीत गूळ-साखर घालतात. मधुमेह असेल तर गोड नसलेली डाळ आहे का, हे आधी विचारा.

*शिवभोजन केंद्र.* राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० पासून १० रुपयांत ही थाळी सुरू केली. कोरोनाच्या काळात ती आधी ५ रुपयांत आणि नंतर काही महिने मोफत दिली गेली. थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम वरण असे माप ठरलेले आहे. वाढणारा कमी वाढत असेल तर हे माप त्याला सांगा. थाळ्यांची संख्या रोज ठरलेली असते, म्हणून लवकर जा. जायच्या आधी केंद्र चालू आहे का, हे चौकशी करून घ्या, कारण मधल्या काळात निधीअभावी बरीच केंद्रे अडचणीत आली. ओझी उचलणाऱ्या माणसाला ही थाळी कमी पडते. त्याने सोबत दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर शेंगदाणे घ्यावेत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात.

*रुग्णालयात असाल तर.* सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला जेवण मिळते. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला नैसर्गिक प्रसूती झाल्यास ३ दिवस आणि सिझेरियन झाल्यास ७ दिवसांपर्यंत मोफत आहार मिळणे हा तिचा हक्क आहे. वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, संकोच करू नका. सोबत आलेल्या नातेवाइकाने मात्र स्वतःच्या जेवणाची सोय करायची असते. ती केली नाही की रुग्णाच्या ताटातले दोघांत वाटले जाते आणि रुग्ण अर्धपोटी राहतो.

ताटावर बसण्याआधी काय पाहावे?

महाग हॉटेल म्हणजे स्वच्छ हॉटेल असे नाही. फरशी चकचकीत आणि मागे मोरीत भांडी बुचकळलेली, असे खूप ठिकाणी असते. दोन मिनिटे उभे राहून पुढच्या गोष्टी पाहा.

१. *जेवणातून वाफ येते का?* शिजलेले अन्न ६० अंशांच्या वर गरम ठेवले तर जंतू वाढत नाहीत. कोमट अन्नात ते झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त उघडे राहू नये. भाताची गोष्ट वेगळी सांगते. तांदळातल्या एका जंतूचे बीज शिजवूनही मरत नाही. सकाळचा भात झाकून तसाच ठेवला की ते वाढते आणि विष तयार करते. मग भात पुन्हा गरम केला तरी उलट्या होतात. म्हणून पहिल्या पंगतीचा भात चांगला.

२. *भांडी कशी धुतात?* एकाच बादलीत सगळी ताटे बुचकळून फडक्याने पुसत असतील तर उठा. वाहत्या पाण्यात धुतलेले ताट घ्या. ओल्या कळकट फडक्यापेक्षा ओले ताट परवडले.

३. *पाणी कुठून येते?* पिंपात पेला बुडवून पाणी काढत असतील तर प्रत्येकाचा हात त्या पाण्यात जातो. नळ लावलेले झाकणाचे पिंप बरे. सर्वांत बरी आपली घरून आणलेली बाटली. कावीळ, विषमज्वर, जुलाब हे आजार दूषित पाण्यातून येतात, पावसाळ्यात जास्त.

४. *तेल कसे आहे?* कढईतले तेल काळे आणि दाट झाले असेल, त्यावर फेस येत असेल तर त्यातले काही खाऊ नका. तळून तळून खराब झालेल्या तेलासाठी देशात १ जुलै २०१८ पासून मर्यादा लागू आहे. ती ओलांडलेले तेल वापरणे बेकायदा आहे.

५. *वाढणाऱ्याचे हात.* त्याच हाताने पैसे घेऊन चपाती देत असेल, बोटाला उघडी जखम असेल, हात धुवायला साबण नसेल, तर दुसरे हॉटेल शोधा.

६. *नोंदणीचा क्रमांक.* प्रत्येक खाद्य व्यवसायाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. त्याचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावायचा असतो. घरगुती खानावळीलाही नोंदणी लागते. क्रमांक लावलेला असला म्हणजे तक्रार करायला निदान पत्ता असतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ताटातले वाफाळते अन्न सहसा बाधत नाही, कच्चे बाधते. आधीच चिरून ठेवलेला कांदा, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पाणी घालून वाटलेली चटणी, बर्फ, ताक. या सगळ्यांत न उकळलेले पाणी असते. म्हणून पावसाळ्यात कांदा, चटणी आणि ताक सोडा आणि समोर कापलेले लिंबू घ्या. पार्सल वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर घेऊ नका. छपाईच्या शाईतली घातक द्रव्ये गरम, तेलकट पदार्थाला लागतात. घरून एक डबा न्या, मालक आनंदाने भरून देईल.

आणि यादी लांबलचक असेल तर सावध राहा. शंभर पदार्थ रोज ताजे कोणीच करत नाही. ‘आज काय केले आहे?’ असे विचारल्यावर जो दोन नावे सांगतो, त्याचे बहुधा ताजे असते.

थाळी कशी मागावी?

बसण्यापूर्वी दर विचारा. थाळीत काय काय येते, भात पुन्हा मिळतो का, जादा चपातीचे किती, हे आधीच विचारले की बिलाच्या वेळी वाद होत नाही. दर विचारण्यात कमीपणा काही नाही.

पापड, फरसाण आणि गोड नको म्हणा आणि त्याऐवजी एक वाटी डाळ किंवा उसळ मागा. रोजच्या गिऱ्हाइकाला बहुतेक मालक हे देतात. लिंबू मागून वरणावर आणि भाजीवर पिळा. लिंबातल्या सी जीवनसत्त्वाने डाळ-पालेभाजीतले लोह शरीराला चांगले मिळते. चहा जेवणानंतर निदान एक तासाने घ्या.

मधुमेह असेल तर चपाती किंवा भात यांपैकी एकच पोटभर घ्या, दोन्ही नको. आधी भाजी आणि डाळ, मग भात. आपला चिकू गोड असतो, जेवणावर दोन-तीन चिकू खाऊ नका. बीपी असेल तर लोणचे, पापड, सुकी मासळी टाळा. दिवसभरात सगळे मिळून मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे एका लहान चमच्याच्या वर जाऊ नये. हॉटेलच्या एका थाळीतच त्यातला बराच भाग संपतो, म्हणून ताटावर वरून मीठ घेऊ नका. गरोदर भगिनींनी अंडे पूर्ण उकडलेले आणि मासळी पूर्ण शिजलेली खावी, कच्ची कोशिंबीर टाळावी.

लहान मूल सोबत असेल तर त्याला वेफर्सची पुडी देऊन गप्प करू नका. तुमच्याच थाळीतला गरम वरण-भात त्याला भरवा.

कुठेच चांगले जेवण दिसले नाही तर? दोन केळी, मूठभर भाजके शेंगदाणे किंवा फुटाणे आणि गूळ घ्या. दोन उकडलेली अंडी मिळाली तर उत्तमच. हे जेवण नव्हे, पण वडापावपेक्षा शरीराला खूप चांगले.

दारात का थबकायचे?

वस्तीतल्या बैठकांत मी हा विषय काढते तेव्हा जुनी माणसे पैशांचे कारण सांगत नाहीत. ‘आपण कशाला आत बसा, बाहेरच घेऊ’ असे म्हणतात. या एका वाक्यामागे किती वर्षांचा अपमान आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. वेगळी कपबशी, वरून ओतलेले पाणी, स्वतःची बशी स्वतः धुऊन ठेवायची. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तो लढा पाण्याइतकाच माणुसकीचा होता. त्याच दिवशी परिषदेच्या मंडपावर हल्ला झाला आणि आपल्या लोकांचे अन्न मातीत मिसळले गेले. हे विसरायचे नाही.

म्हणूनच संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणालाही अडवता येत नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात तर हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हे दोन्ही गुन्हे म्हणून लिहिले आहेत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो. बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना १९९० पासून केंद्राच्या यादीतही मान्यता आहे, त्यामुळे ‘तुम्ही बौद्ध, तुम्हाला हा कायदा नाही’ असे कोणी सांगितले तर ऐकू नका.

आता उघडपणे कोणी अडवत नाही. पण आडनाव विचारणे, कुठल्या पाड्यातले म्हणून विचारणे, कोपऱ्यात बसवणे, कागदी पेला पुढे करणे असे प्रकार अजून कानावर येतात. आपल्याबरोबर असो की वारली, कातकरी बांधवांबरोबर असो, हे घडले तर हुज्जत घालत बसू नका. हॉटेलचे नाव, तारीख, वेळ आणि साक्षीदार लिहून ठेवा. तातडी असेल तर ११२, आणि अत्याचाराच्या तक्रारीसाठी १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. शिळे किंवा घाण अन्न दिले तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर तक्रार करा.

भगिनींना वेगळे सांगते. रुग्णालयात आलेली बाई मुलाला वडा घेऊन देते, नवऱ्याला जेवायला पाठवते आणि स्वतः बाकावर बसून राहते. ‘बाईमाणसाने एकटीने हॉटेलात कसे बसायचे?’ बसायचे. सोबत कोणी असेल तर दोघींनी जा, नसेल तर एकटीने जा. पैसे मोजून जेवणारी बाई कोणाच्या उपकारावर जेवत नाही.

वस्तीने काय करावे?

मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळींवर जगले. त्या चालवणाऱ्या बायांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आपल्या वस्तीतले बचत गट डहाणू किंवा तलासरी नाक्यावर पोळी-भाजी केंद्र चालवू शकतात. नाचणी-तांदळाची भाकर, एक उसळ, एक मासळीचे कालवण. रोजगारही होईल आणि आपल्या माणसाला हक्काची जागाही मिळेल.

तोवर एक सोपे काम करता येईल. प्रत्येक विहारात एक वही ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर ज्यांनी त्या आठवड्यात बाहेर जेवण घेतले, त्यांनी त्यात लिहावे : जागा कुठे, थाळीचा दर किती, कोणत्या वेळी ताजे मिळते, पाणी कसे, बायकांना बसायला जागा आहे का, जवळ शौचालय आहे का, वागणूक कशी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे शाळेतल्या मुलांनी लिहून घ्यावे. दोन-तीन महिन्यांत डहाणू स्टेशनपासून तलासरी नाक्यापर्यंतची चांगली यादी तयार होईल. उद्या कोणी आजारी माणसाला घेऊन निघाले की वही पाहून निघेल. खराब निघालेल्या जागेपुढे फुली मारा आणि सुधारलेल्या जागेची फुली काढा.

आणि निघताना चार गोष्टी पिशवीत टाकायला विसरू नका : पाण्याची बाटली, रिकामा डबा, औषधाची चिठ्ठी आणि साखरेची पुडी.

जय भीम. नमो बुद्धाय.